चाळीस ओळी खाली राहिलेली चूक

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, चांगलं सहा पानी. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

वय चौतीस. विणकाम सहा वर्षांपासून, वाचनाचा नाद त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा. कामं आटपली की एकतर सुया नाहीतर पुस्तक असं चालायचं. तीन वर्षांपूर्वी विणलेल्या गोष्टींचे आणि वाचलेल्या पुस्तकांचे फोटो टाकायला अकाउंट उघडलं, ओळखी झाल्या, मजा आली. आता म्हणते की सगळंच बिनसलंय. विणायला बसलं की आधी उजेड कुठून येतोय ते बघते, फोटो निघतो, मग फोन हातातच राहतो आणि तास निघून जातो. वर्षाला ५२ पुस्तकं असं टार्गेट सगळ्यांसमोर जाहीर केलंय म्हणून हल्ली पातळ पुस्तकं निवडते, एक सातशे पानी कादंबरी २१२ व्या पानावर मिटून ठेवलीय. ऐकलेली पुस्तकं 'वाचली' म्हणून मोजायची की नाही यावरून एकीशी वाद झाला. दादासाठी विणायला घेतलेला केबलचा (टाके एकमेकांवरून वळवून वेणीसारखा पीळ आणतात तो) स्वेटर १४ महिने पिशवीत पडून आहे. घरात लोकरीचे गुंडे ३१. शेवटी विचारते, "माझा छंद फोनने खाल्ला. अकाउंट कायमचं बंद करू का? की माझ्यातच ती चिकाटी राहिली नाही, सुया-लोकर कोणालातरी देऊन टाकू?"

तू मला ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ अगं-तूगं करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की हे फोनचंच प्रकरण आहे, आणि उत्तरही मनात तयार होत आलं होतं, स्क्रीन टाइम कमी कर वगैरे. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावर अडकले. तिथे तू एक वाक्य ओझरतं लिहून गेलीयस, की स्वेटरच्या पाठीचा फोटो टाकला तेव्हा कोणी अनोळखी बाईंनी खाली लिहिलं, 'डावीकडून दुसरी केबल उलट्या बाजूला वळलीय, चाळीसेक ओळी खाली बघ', आणि पुढे हसरा चेहरा. तू 'थँक्यू, लक्षातच आलं नव्हतं' म्हणालीस आणि विषय संपला. निदान पत्रात तरी संपला, कारण पुढच्या परिच्छेदात तू लोकरीच्या साठ्याबद्दल लिहायला लागलीस. मग मी तारखा जुळवून बघितल्या, तूच दिल्यायत त्या. तो फोटो आणि स्वेटर पिशवीत जाणं, दोन्ही एकाच आठवड्यातलं आहे.

हे तुझ्या लक्षात आलं होतं का गं?

कारण फोनने छंद खाल्ला हे तुझं म्हणणं मला पुरतं पटत नाही. हाच फोन, हेच अकाउंट असताना पहिल्या दोन वर्षांत तू चार स्वेटर, एक बाळाची गोधडी आणि मोजे कितीतरी पूर्ण केलेस, हे पण पत्रातच आहे. केबल कशी वळवायची हे तर तू तिथल्याच व्हिडिओवरून शिकलीस, तुझ्या आसपास विणणारं कोणीच नाही. म्हणजे ज्याने खाल्लं म्हणतेस त्यानेच आधी भरवलंय. आणि चिकाटी म्हणशील तर सहा पानी पत्र हाताने लिहून काढणाऱ्या बाईत चिकाटी नाही हे मी कसं मानू.

मला वाटतं तुला चूक दिसली याचा त्रास झालेला नाही, ती चारचौघांत दिसली याचा झालाय. चूक तर आपल्याला रोज दिसते, विणणाऱ्या प्रत्येकीला. टाका निसटतो, सुलटच्या जागी उलट पडतो, आपण जीभ चावतो आणि चार टाके मागे जाऊन सुधारतो, कोणाला पत्ता नसतो. पण तोच तुकडा अर्धवट असताना शंभर लोकांनी बघितला आणि त्यातल्या एकीने बोट ठेवलं की मग तो सुईवर परत घेताना हात आधी तिथेच जातो. मला हे चांगलं माहितीय. मी एका मैत्रिणीसाठी शाल विणत होते, निम्मी झाल्यावर कौतुकाने दाखवली, कोणीतरी सहज म्हणालं की हा रंग तिला नाही शोभणार. बस. शाल कपाटात गेली. दोन वर्षांनी उघडली तर कसर लागली होती, जागोजागी धागा तुटलेला. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की वेळच मिळाला नाही, आणि स्वतःलाही तेच सांगत होते, म्हणून तुझं ते वाक्य मला सापडलं असेल.

तेव्हा आधी त्या केबलचं काय ते बघू, कारण चौदा महिने तू तिला भलतीच मोठी करून ठेवलीयस.

तू लिहिलंयस पाठीवर ११० टाके आहेत. चूक ४० ओळी खाली. तू मनात हिशोब केला असशील की सगळं उसवून परत विणायचं म्हणजे ४,४०० टाके, मिनिटाला वीस टाके धरले तरी साडेतीन तासांच्या वर, आणि शिवाय उसवतानाचा जीवघेणा तो आवाज. बरोबर आहे, अशा वेळी कोणीही पिशवी बंदच करेल. पण केबल सुधारायला सगळी ओळ उसवावी लागत नाही. तुझी केबल सहा टाक्यांची, तीनवर तीन, म्हणजे तीन टाके शेजारच्या तिनांवरून वळणारी. तेवढेच सहा टाके सुईवरून सोडायचे, फक्त तेवढेच, आणि ओळीमागून ओळ खाली निसटू द्यायचे, जिथे वळण चुकलंय त्याच्या एक ओळ खालपर्यंत. मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे मोकळे दिसतील, घाबरू नकोस, ते कुठे जात नाहीत. खालचे सहा टाके दोन्ही बाजूंना टोक असलेल्या आखूड सुईवर घ्यायचे, जे तीन टाके पुढे धरायचे होते ते या वेळी पुढे धरायचे (तुझ्याकडून मागे धरले गेले असणार, बहुतेक वेळा हेच होतं), आणि एकेक पायरी घेत वर विणत यायचं. पायऱ्या खालून वर, क्रमाने, एकही वगळायची नाही. ४० ओळी गुणिले सहा, २४० टाके. थोडं किचकट आहे, हात आखडतो, साध्या विणीपेक्षा वेळ जास्त लागेल, पण एका बैठकीचं काम आहे. कडेचे टाके जरा सैल-घट्ट दिसतील, ते सुईच्या टोकाने इकडचं तिकडे ओढून सारखे करता येतात आणि उरलेलं स्वेटर धुवून पसरला की बसतं. आधी उरलेल्या लोकरीचा छोटा तुकडा विणून त्याच्यावर एकदा हे करून बघ, म्हणजे खऱ्या स्वेटरवर सोडताना छाती धडधडणार नाही. आणि यापुढे केबलची वीण असली की दर वीस-पंचवीस ओळींनी एक पातळ, वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवत जा, उसवायची वेळ आली तरी उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते.

किंवा ती केबल तशीच राहू दे. हाही पर्याय आहे आणि मी तो तुला समजूत काढायला सांगत नाहीये. थोडा हिशोब बघ. दहा सेंटिमीटरला २० टाके आणि २८ ओळी धरल्या, छाती १०० सेंटिमीटर, उंची ६०, तर नुसतं अंग ३३,६०० टाक्यांचं होतं. दोन बाह्या ४५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी ३० सेंटिमीटर घेराच्या, त्यांचे अजून १५,१२०. एकूण ४८,७२०. मिनिटाला वीसच्या वेगाने चाळीस तासांहून जास्त, रोज एक तास बसलीस तर सव्वा महिन्याहून जास्त, आणि यात केबल, शिवण, गळा धरलेलाच नाही. यातल्या एका वळणात सहा टाके दुसऱ्या बाजूला गेले. दादाला तो घातल्यावर पाठ दिसणार नाही आणि बाकीच्यांना वळण उजवीकडे की डावीकडे हे कळणार नाही. पण एक अट आहे. राहू दे म्हणायचं तर खरंच राहू द्यायचं, दर वेळी स्वेटर बघून मनात ती केबल शोधायची नाही. तुझा स्वभाव पत्रातून जेवढा कळला त्यावरून मला वाटतं तू सुधारूनच घे, तुला झोप लागेल. पण सुधारायची ती तुला खुपतेय म्हणून, त्या बाईंना दाखवायला नको.

त्या बाईंबद्दलही लिहितेच, कारण हे वाचणाऱ्यांत तशाही असतील. विणणाऱ्याची नजर आपोआप विणीत शिरते, चूक दिसते, त्यात दुष्टपणा नसतो हे मला मान्य आहे, आणि हसरा चेहरा टाकला म्हणजे त्यांना मदतच करायची असावी. तरीसुद्धा न विचारता दुसऱ्याच्या कामातली खोट चारचौघांत काढणं मला आवडत नाही. आवडत नाही म्हणजे नाहीच. 'एक सुचवू का?' एवढं आधी विचारायला किती वेळ लागतो? समोरची हो म्हणाली तर तिला वेगळा मेसेज करा. चूक काल-परवाची असेल तर सांगण्यात अर्थ असतो, चाळीस ओळी वर गेल्यावर सांगताय तर कशी सुधारायची तेही सोबत सांगा.

आता फोन. अकाउंट बंद कर असं मी म्हणणार नाही, रागाच्या भरात तर अजिबात नाही. तिथे तुझ्या मैत्रिणी आहेत, मोज्याची टाच जमत नव्हती तेव्हा रात्री साडेअकराला एकीने तुला पायरी-पायरीने समजावलं, हे तूच लिहिलंयस, ते तोडून काय मिळणार. माझं एवढंच म्हणणं आहे की अर्धवट काम दाखवायचं थांबव. विणून, धुवून, वाळवून, ज्याच्यासाठी आहे त्याला दिलं की मग हवा तर फोटो. तोवर ती वस्तू आणि तू. हल्ली तू विणायला बसतेस तेव्हा पहिल्या ओळीलाच मनात कॅप्शन सुरू असतं असं लिहिलंयस ना, ते यानेच थांबेल असं मला वाटतं, कारण दाखवायचं नसलं तर कॅप्शन कशाचं सुचणार.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जी तुझ्या पत्रात आहे पण तुला दिसली नाहीये. तुझा पॅटर्न, म्हणजे कुठल्या ओळीत काय विणायचं ते, फोनमध्ये आहे. म्हणजे केबलची वीण करताना दर आठ ओळींनी तुला फोन उघडावाच लागतो, आणि उघडला की वर तीन नोटिफिकेशन. मग तास जातो. यात इच्छाशक्तीचा काय संबंध? पॅटर्न कागदावर उतरव. प्रिंट नको, हाताने लिही, चार्ट असेल तर चौकटीच्या वहीत काढ. हाताने काढताना तो डोक्यात बसतो, उजवीकडून डावीकडे वाचायच्या ओळी कुठल्या आणि मागच्या बाजूने येताना उलट कुठल्या वाचायच्या हे पक्कं होतं, आणि थोड्याच दिवसांत कागदाकडेही बघावं लागत नाही, वीणच वाचता यायला लागते. सुलट टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो, उलट टाक्याला आडवा फुगा येतो, केबल शेवटची कधी वळली ते ओळी मोजून कळतं. तुला हे येत असणारच, सहा वर्षं झालीत, पण फोन विचारायला हाताशी असला की आपण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. फोन मग दुसऱ्या खोलीत राहू दे. ओळी मोजायला वहीत रेघा मारल्या तरी पुरे.

रॅव्हलरी वापरणाऱ्यांना माहीत असेल, २००७ सालापासून चालू असलेली विणणाऱ्यांची ती साइट, तिथे प्रत्येक कामापुढे त्याची स्थिती लिहिता येते, चालू आहे, पूर्ण झालं, उसवलं, आणि एक असते चक्क 'शीतनिद्रा'. मला हा शब्द फार आवडतो. तुझा स्वेटर चौदा महिने झोपलाय असं म्हण. चिकाटी संपली असं म्हणण्यापेक्षा ते खरंही आहे आणि झोपलेल्याला उठवता येतं.

पुस्तकांचं तुझं तू ओळखलंयस खरं तर. आकडा गाठायला पातळ पुस्तक घेणं म्हणजे लवकर संपावं म्हणून जाड लोकर आणि दहा मिलिमीटरच्या सुया घेण्यासारखंच आहे, कधीमधी छान वाटतं, पण तुला बारीक काम आवडतं, तू केबलवाली आहेस. ती २१२ व्या पानावरची कादंबरी तुला आवडत होती असं दिसतं, कारण इतक्या महिन्यांनी पानाचा नंबर तुला पाठ आहे. ५२ चा आकडा मागे घे. तसं जाहीर करायचीही गरज नाही, नुसतं मोजणं बंद कर, कोणी विचारलं तर सांग की एक जाड वाचतेय. कोणी विचारणार नाही.

ऐकलेलं पुस्तक मोजायचं का, या वादात तुझी बाजू कुठली ते तू लिहिलं नाहीस, मी माझी सांगते. आपल्या भाषेत ज्याचं वाचन-ज्ञान दांडगं त्याला बहुश्रुत म्हणतात, बहुश्रुत म्हणजे पुष्कळ ऐकलेला. ज्या भाषेत हा शब्द आहे त्या भाषेत ऐकणं कमी प्रतीचं ठरवायचं कारण मला दिसत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे, हात आणि कान एकमेकांना सांभाळून घेतायत का. गोल सुईवर सलग सुलट वीण चालू असेल तर कादंबरी ऐकावी, हात आपोआप चालतात. जाळीची वीण किंवा केबल असेल तर कादंबरी नको, एकतर टाका चुकतो नाहीतर अख्खा प्रसंग निसटतो, मग मागे जाऊन ऐकायचं आणि मागे जाऊन उसवायचं. त्या वेळी मी आधी वाचलेलं काहीतरी लावते नाहीतर शांत बसते. छापील पुस्तक समोर ठेवून विणायचंही जमतं बरं का, पान उघडं राहील असं रुंद रबर लावून, पण तेही फक्त साध्या विणीला, आणि मान फार वेळ खाली घालून बसू नकोस. अर्ध्या-पाऊण तासाने उठून बोटं, मनगटं, खांदे मोकळे करायचेच, मग कितीही रंगात आलेलं असो.

एकतीस गुंड्यांची मला काळजी वाटत नाही. न वाचलेली पुस्तकं घरात असतात तशी न विणलेली लोकर असते. फक्त शुद्ध लोकरीचे असतील ते बाहेर काढून, उजेडात बघून, कसर लागलेली नाही ना हे तपासून, स्वच्छ कोरडे करून हवाबंद पिशवीत ठेव. देऊन टाकायचे का हे आज ठरवू नकोस, मन असं खट्टू असताना तर नकोच.

या रविवारी पिशवी उघडलीस तर पहिल्यांदा कसर बघ. मग सुईवरची ओळ बघ, इतके महिने सुईवर ताणून राहिलेल्या टाक्यांची आडवी रेघ उमटलेली असेल, त्या दोन ओळी टाका-टाका करून मागे घे आणि परत विण, धुतल्यावर उरलेली खूण जाते. सुई तीच आहे का याची खात्री कर. पॅटर्न अमेरिकन असेल तर त्यातली ८ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, या घोळात पुढचा भाग पाठीपेक्षा मोठा झालेले स्वेटर मी बघितलेत, तेव्हा नंबरावर जाऊ नकोस, मिलिमीटर बघ. त्याच लोकरीचा दहा-बारा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा परत विणून टाके मोज. वर्षभराने हात बदलतो, सैल होतो किंवा घट्ट, दहा सेंटिमीटरला २० चे १८ झाले तर १०० टाक्यांची पाठ ५० ऐवजी साडेपंचावन्न सेंटिमीटर भरते. हात सैल झाला असेल तर पाव-अर्धा मिलिमीटर बारीक सुई घे. हे सगळं झाल्यावर मग ती केबल, त्याच्या आधी नाही.

आणि दादाला बोलावून त्याचं माप परत घे. पत्रात लिहिलंयस की एकदा त्याने विचारलं होतं, 'माझ्या स्वेटरचं काय झालं', आणि परत विचारलं नाही. त्याला खरं काय ते सांग, केबल चुकली होती आणि मला वाईट वाटलं म्हणून ठेवून दिला होता. छातीचं माप घेताना टेप घट्ट ओढू नकोस, आत शर्ट असणार आहे.